सांगून थांबायचं

"चालता येत नाही आणि उड्या मारायला नेताय?" असं खालच्या मजल्यावरच्या काकूंनी आम्हाला जिन्यातच विचारलं होतं. आमच्या सदाशिव पेठेत तुम्ही काय करताय हे कळायच्या आधीच त्यावरचं शेजाऱ्यांचं मत तयार असतं. मी आणि बाबा तेव्हा माझ्या धाकट्या बहिणीला वेताच्या खुर्चीत बसवून दुसऱ्या मजल्यावरून खाली उतरवत होतो. खुर्चीचे पुढचे पाय बाबांच्या हातात, पाठ माझ्या हातात. अशा वेळी टोमण्याला उत्तर द्यायला श्वास उरत नाही, नाहीतर काकूंना मी सोडलं नसतं.

बहीण अठरा वर्षांची होती. जन्माच्या वेळीच तिच्या मेंदूला इजा झाली होती. डॉक्टर त्याला सेरेब्रल पाल्सी म्हणत आणि नातेवाईक आवाज खाली आणून नुसतं 'ते' म्हणत. तिला चालता येत नव्हतं, बोलता येत नव्हतं, बसायलाही पाठीला उशी लागायची. हातपाय कायम ताठ. मुठी इतक्या घट्ट मिटलेल्या असत की नखं तळव्यात रुतू नयेत म्हणून आई त्यांत जुन्या सुती साडीचे बोळे घालून ठेवायची. कळायचं मात्र सगळं. बाबांचं पाऊल जिन्यात वाजलं की आमच्या आधी तिला ऐकू यायचं. हसायची ती आवाज न करता, तोंड पूर्ण उघडून. रडायची तेव्हा गल्लीला कळायचं. आणि एखादी गोष्ट अजून हवी असली की हनुवटी वर करायची. वरणभात असो, गाणं असो, केसांतून फिरणारी फणी असो, हनुवटी वर म्हणजे 'अजून'. तेवढी एकच खूण तिच्याकडे होती आणि घरात ती सगळ्यांना पाठ होती.

त्या दिवशी आम्ही तिला जिथे नेत होतो ती एक बंद पडलेली व्यायामशाळा होती. उंच पत्र्याचं छप्पर, भिंतीला जुन्या शिड्या आणि मधोमध एक भलामोठा ट्रँपोलीन, स्प्रिंगांनी ताणलेलं उसळतं कापड. कुठल्याशा जिम्नॅस्टिक्सच्या क्लासने तो मोडीत काढला होता. त्याच्या कडेच्या स्प्रिंगांवर जुन्या गोधड्या दुमडून शिवल्या होत्या. हे सगळं उभं करणाऱ्या बाई फिजिओथेरपिस्ट होत्या, पन्नाशीच्या. इंग्लंडात भावाकडे राहून त्यांनी ट्रँपोलीनवरच्या उपचाराचं रीतसर शिक्षण घेतलं होतं. बोलणं तुटक, केस पांढरे, पायात कायम पांढरे मोजे. दारावर त्यांच्याच अक्षरात पाटी होती, 'चपला बाहेर काढाव्यात. दयासुद्धा.'

मला वाटलं होतं, बाई हिला उडवणार. आईलाही तेच वाटलं असावं, कारण तिने माझं मनगट धरून ठेवलं होतं. पण बाईंनी बहिणीला चादरीच्या झोळीतून उचलून घेतलं, ट्रँपोलीनच्या मध्यावर उताणं ठेवलं, मानेखाली छोटी उशी दिली आणि स्वतः तिच्या कमरेच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून उभ्या राहिल्या. "पाय कापडावरून सुटता कामा नयेत," त्या आम्हाला म्हणाल्या. "टाचांनी दाबायचं, सोडायचं. उरलेलं काम कापड करतं." आणि त्या वरखाली होऊ लागल्या. बहिणीचं शरीर त्यांच्यामागून हलकं वर यायचं, हलकं खाली जायचं. आधी ती जास्तच ताठरली. मग पाच-सात मिनिटांनी तिचे गुडघे थोडे बाहेर पडले. मग खांदे. कडेला लक्ष ठेवायला एक मावशी उभ्या असायच्या, लोणी काळभोरहून बसने यायच्या. त्या एकदम म्हणाल्या, "ताई, मूठ सुटली बगा पोरीची."

साडीचा बोळा गोधडीवर पडला होता. तिची बोटं उघडली होती, सगळी नाही, पण उघडली होती. तिच्या तळहातावरच्या रेषा मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिल्या. आई बोळा उचलून घेऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. बहीण छपराकडे बघत होती आणि तिने हनुवटी वर केली.

त्यानंतर शनिवारी दुपारी तीनची वेळ आमची झाली. बाईंकडे माणसं कमी आणि मुलं फार होती, म्हणून घरातल्या एकाला त्या शिकवून तयार करत. बाबांना घेऊन पाहिलं, पण ते मुलीला दुखेल या भीतीने कापडावर पाहुण्यासारखे उभे राहिले. आईला दोन मिनिटांत गरगरलं. "तुम्ही या वर," बाई मला म्हणाल्या. मी तेव्हा पंचविशीत होते. एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागून वर्ष झालं होतं. दोन हजार साल उजाडलं की जगभरचे जुने कॉम्प्युटर तारखांचा घोळ घालणार, तो घोळ आधीच निस्तरायचा, हे आमचं काम. शनिवारी सुट्टी असायची. जन्मभर सरकारी कचेरीत शनिवारी अर्धा दिवस भरलेल्या बाबांचा त्यावर विश्वासच बसायचा नाही. "नोकरी पक्की आहे ना?" असं ते दर शनिवारी एकदा विचारून घ्यायचे.

शिकायला दोन महिने लागले. ताठ अंगाला हळू, खोल हेलकावे द्यायचे. अंग अगदीच शिथिल असेल तर थोडे जोरात. दर थोड्या वेळाने तिच्या चेहऱ्याकडे बघायचं. छातीत कफ असेल तर या हलण्याने तो सुटतो आणि तिला खोकता येतं, खोकली की कुशीवर वळवायचं. हे सगळं मला येऊ लागलं. बाईंचा एक नियम मात्र माझ्या अंगवळणी पडायला वेळ लागला. थांबायच्या आधी मोठ्याने मोजायचं. तीन, दोन, एक. आणि 'एक'ला गुडघे वाकवून कापड शांत करायचं. दर वेळी, न चुकता.

एकदा मधेच माझा पेजर वाजला. ऑफिसातलं काहीतरी बंद पडलं असणार, दुसरं काय असणार. मी तशीच थांबले आणि कमरेला हात घातला. खाली बहिणीचं सगळं अंग एका झटक्यात कमान होऊन ताठलं, मान मागे गेली, दातांवर दात बसले. ती पूर्ववत व्हायला वीस मिनिटं लागली. सगळं निवळल्यावर पेजर माझ्या हातातून काढून घेऊन बाईंनी खिडकीत ठेवला आणि म्हणाल्या, "तिचं अंग तिने तुमच्या ताब्यात दिलेलं असतं. आधी सांगायचं, मग थांबायचं. ऑफिसातून तुम्ही न सांगता उठून येता का?"

तेव्हापासून चुकले नाही. बहिणीलाही ते मोजणं कळायला लागलं. 'तीन' म्हटलं की ती हनुवटी वर करायची, म्हणजे अजून हवंय. मी मान हलवायची. 'दोन'ला डोळे मिटायची. 'एक'ला लांब श्वास सोडायची आणि मग जे थांबणं यायचं ते तिला चालायचं. आयुष्यात तिला कुणी कधी विचारून उचललं नव्हतं की विचारून ठेवलं नव्हतं. इथे निदान आधी सांगत होते. दीड वर्ष आम्ही दोघी अशा शनिवारी तीन वाजता एका कापडावर होतो. मी तिची बहीण म्हणून त्याआधी अठरा वर्षं वावरत होते, पण ओळख तिथे झाली.

मग कंपनीने मला अमेरिकेला पाठवायचं ठरवलं. वर्ष-दीड वर्षासाठी. त्या काळात पेठेत अमेरिकेला गेलेला माणूस घरात नसणं हे जवळजवळ कमीपणाचं व्हायला लागलं होतं. खालच्या काकूंनी पेढे मागून घेतले. बाबांनी जगाचा नकाशा आणला. मला जायचं होतं, हे मी इथे लिहून टाकते. कुणी ढकललं नव्हतं. मला तो जिना, ती खुर्ची आणि ते बोळे यांच्यापासून थोडे दिवस लांब जायचं होतं आणि त्याची लाज वाटत होती, म्हणून मी घरात सगळ्यांशी चिडून वागत होते.

"तिला सांगूया ना," आई म्हणाली. "रोज थोडं थोडं सांगू."

"काय सांगणार तिला?" मी म्हटलं. "दीड वर्ष म्हणजे काय, तिला कळणार आहे का? उगाच आत्तापासून रडेल. जाईन तेव्हा जाईन. न सांगितलेलं बरं."

"अगं, पण कळेल ना कधीतरी."

"तेव्हाचं तेव्हा," मी म्हटलं. आईने माझं ऐकलं. घरात शिकलेली मीच होते ना.

निघायचा दिवस शनिवार होता. साडेतीन वाजता गाडी मुंबईला निघणार होती. मी शनिवारी तीन वाजता दिसले नाही तर ती आकांत करील हे आम्हाला माहीत होतं आणि माणूस प्रवासाला निघताना घरात रडारड नको, हे आईचं म्हणणं होतं. यावर मी तोडगा काढला. ऑफिसात गेले दोन आठवडे मी माझं काम दुसऱ्याच्या हवाली करत होते. प्रत्येक प्रोग्रॅम कुठे काय करतो, कुठे अडतो, अडला तर काय करायचं, याची बावीस पानं लिहून दिली होती. बदलीच्या माणसाला शेजारी बसवून सगळं दोनदा समजावलं होतं. घरी मी ठरवलं ते असं. बहिणीबरोबर नेहमीसारखं सुरू करायचं, ती सैल पडून डोळे मिटले की बाईंनी कापडावर यायचं, त्यांनी लय उचलायची आणि मी उतरून बाहेर पडायचं. तिला कळणारही नाही. मला ही युक्ती इतकी चोख वाटली होती की मी ती बाबांना कौतुकाने सांगितली होती.

आईने स्वयंपाकघरात माझ्या हातावर दही घातलं, तेव्हा बहीण खाली रिक्षात बसलेली होती.

बाईंनी मला एकच प्रश्न विचारला. "तिला सांगितलंय?"

"हो," मी म्हटलं. "घरी सांगितलंय."

त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं, पण मोजे ओढून तयार झाल्या. त्या दिवशी बहीण लवकर सैल पडली. मुठी सुटल्या. मी खाली बघत होते. तिच्या कपाळावर आईने लावलेली टिकली थोडी सरकली होती, ती नीट करावी असं मला वाटलं, पण वाकले तर लय मोडली असती. तिने डोळे मिटले. बाई मागून चढल्या, चार-पाच हेलकावे आम्ही दोघींनी मिळून दिले, मग मी बाजूला पाय टाकला आणि गोधडीवरून उतरले. मोजलं नाही. मोजलं असतं तर तिने डोळे उघडले असते. चपला हातात घेऊनच मी दारापर्यंत गेले. स्वारगेटच्या चौकात गाडी सिग्नलला थांबली तेव्हा पावणेचार झाले होते. त्या वेळी तिचं संपत आलं असेल.

दर शनिवारी संध्याकाळी मी तिथून फोन करायची, तेव्हा इकडे रविवारची सकाळ असायची. आई म्हणायची, मजेत आहे. जेवते. हो, जातो ना शनिवारी, वॉचमन येतो खुर्ची धरायला. पहिले काही आठवडे फोन तिच्या कानाला लावायचे. मी बोलायची, पलीकडून नुसता श्वास यायचा. नंतर ते बंद झालं. "तुझा आवाज ऐकला की बेचैन होते," आई म्हणाली आणि मी ते मान्य केलं. मान्य करणं सोयीचं होतं.

जानेवारीत एका रविवारी आई म्हणाली, "झोपलीय ती." पुढच्या रविवारीही म्हणाली, "झोपलीय." मी म्हटलं, झोपू दे. त्यानंतर चार दिवसांनी बाबांचा फोन आला. बाबा कधीच फोन करत नसत. त्यांनी आधी माझं जेवण झालं का विचारलं, थंडी किती आहे विचारलं आणि मग सांगितलं की छातीत कफ धरून न्यूमोनिया झाला, तीन दिवस दवाखान्यात होती आणि गेली. तेरावा आदल्या दिवशी झाला होता.

"मला सांगितलं का नाहीत?" मी इतकंच म्हणू शकले.

"तू येऊन काय करणार होतीस," बाबा म्हणाले. "उगाच तिकडे एकटी रडत बसली असतीस. न सांगितलेलं बरं, असं आईचं मत पडलं."

माझेच शब्द होते, माझ्याच घरातून परत आले होते. मी आईवर रागावूही शकले नाही. त्या फोननंतर मी जमिनीवर बसून राहिले आणि माझ्या लक्षात आलं की मी दोन्ही मुठी मिटून घेतल्या आहेत.

परत आले ती एप्रिलमध्ये. काम संपल्याशिवाय कंपनी तिकीट देत नव्हती आणि खरं सांगायचं तर मी मागितलंही नव्हतं. वेताची खुर्ची गॅलरीत उलटी करून ठेवली होती. आईने बोळे टाकले नव्हते, धुऊन घडी करून कपाटात ठेवले होते. आम्ही तिघं एकमेकांशी फार नीट वागत होतो. तिसऱ्या दिवशी शनिवार होता. अडीच वाजता मी काही न बोलता घरातून निघाले आणि व्यायामशाळेत गेले.

मावशी गोधड्या झटकत होत्या. मला पाहून त्यांनी डोळ्याला पदर लावला. "तुमी गेल्या त्या दिवसापासनं मूठ सोडली न्हाई तिनं," त्या म्हणाल्या. "बाईंनी लय जीव लावला. मोजलं की त्या दाराकडं बगायची. एकसारखी हनुवटी वर, हनुवटी वर. काय पायजे ते आमाला द्यायला येत नव्हतं. मग आईच म्हनाल्या, आता न्हाई आणत, हाल होत्यात पोरीचे."

बाई मागच्या खोलीतून आल्या. मी त्यांना सांगितलं की मी खोटं बोलले होते, तिला कुणीच काही सांगितलं नव्हतं.

"ते मला दुसऱ्या शनिवारी कळलं," त्या म्हणाल्या. "मी तेव्हाच तुमच्या घरी जायला हवं होतं. तेवढं माझंही चुकलं."

त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मी जे गेले तीन महिने मनाला सांगत होते तेच त्यांना सांगू लागले. की निदान ती वेळ तरी चांगली गेली. तिचे डोळे मिटलेले होते. मी उतरले ते तिला कळलंच नसणार, नंतर डोळे उघडल्यावरच काय ते कळलं असेल. तोपर्यंतची ती दहा-पंधरा मिनिटं तरी ती सुखात होती. मला तेवढीच एक गोष्ट उरली होती आणि मी ती बोलून पक्की करत होते.

बाईंनी ऐकून घेतलं. मग ट्रँपोलीनकडे हात केला. "वर चढा. झोपा उताण्या."

मी दीड वर्ष त्या कापडावर उभी राहिले होते, पण कधी झोपले नव्हते. खालून छप्पर फार लांब दिसतं. कडेचं काही दिसत नाही, फक्त वर उभं असलेलं माणूस दिसतं. बाई माझ्या कमरेशी पाय ठेवून उभ्या राहिल्या आणि सुरू झाल्या. माझं वजन पहिल्या दोन-चार हेलकाव्यांत माझं उरलं नाही. पाठ, मान, खांदे, सगळं त्यांच्या टाचांच्या हवाली झालं.

"डोळे मिटा," त्या म्हणाल्या.

मी मिटले. कापड खोल जायचं, वर यायचं. किती वेळ गेला सांगता येत नाही. कुठेही काही वाजलं नाही. मग एका हेलकाव्याला कापड नेहमीपेक्षा किंचित वर थांबलं, पुढचा डावीकडून आला, आणि माझ्या पाठीला, मणक्याच्या प्रत्येक मण्याला, विचार करायच्या आधी कळलं. बाई गेल्या होत्या. ही मावशींची टाच होती.

मी डोळे उघडले. वर मावशी होत्या. बाई खाली, माझ्या डोक्याशी, गोधडीला टेकून उभ्या होत्या.

"कळलं?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. त्या क्षणालाच कळलं होतं तिला. डोळे मिटून, अंग मोकळं टाकून, ती सगळं समजून पडून राहिली होती आणि मी हातात चपला घेऊन दाराकडे चालले होते.

मावशींनी लय मोडली नव्हती. बाहेर रिक्षा थांबल्याचा आवाज आला. "तीन वाजताचं मूल आलं," बाई म्हणाल्या. "आता थांबायचंय."

"तीन," मावशी म्हणाल्या.

मी हनुवटी वर केली.

मावशींनी बाईंकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "द्या थोडं." मावशींनी आणखी थोडे हेलकावे दिले. मग पुन्हा तीनपासून मोजलं आणि मला सांगून थांबवलं.